औषध, सर्फॅक्टंट आणि मिश्र मायसेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर महापे-रबाळे पट्ट्यातल्या एका फॉर्म्युलेशन लॅबमध्ये काम आणि शनिवारी ठाण्यात एम. फार्म.च्या मुलामुलींचा वर्ग. दोन्हीकडून व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न केमिस्टच्या दुकानातून आले, काही रुग्णांच्या घरच्यांकडून. इथले काहीही वाचून औषधाचा डोस किंवा घेण्याची पद्धत बदलू नका. ते तुमच्या डॉक्टरांचे काम. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत. एम. फार्म.वाल्यांनी थेट प्रश्न ४ वर जायला हरकत नाही.

१. मायसेल म्हणजे नेमके काय, आणि ते 'मिश्र' कधी होते?

सर्फॅक्टंटच्या, म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या, रेणूला पाण्यात रमणारे डोके असते आणि पाणी टाळणारी शेपटी. पाण्यात असे रेणू थोडेच असतील तर ते सुटे फिरतात किंवा पृष्ठभागावर जाऊन बसतात. संहती वाढवत नेली की एका टप्प्यावर शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा गुठळ्या जमू लागतात. ही गुठळी म्हणजे मायसेल, आणि तो टप्पा म्हणजे क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन, थोडक्यात सीएमसी. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट), म्हणजे फार्मावाल्यांचे एसएलएस, शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सियसला सुमारे ८ मिलिमोलरला मायसेल बनवते. हे लिटरमागे साधारण २.३ ग्रॅम झाले. एका मायसेलमध्ये साठएक रेणू असतात आणि त्याचा व्यास चार-पाच नॅनोमीटर, म्हणून द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसते.

गुठळीत दोन किंवा अधिक प्रकारचे रेणू भिंत म्हणून सामील झाले की ते मिश्र मायसेल. दुसरा रेणू दुसरे सर्फॅक्टंट असेल, लेसिथिन (पेशीपटलातले एक लिपिड) असेल किंवा खुद्द औषध असेल.

मायसेल ही बंद डबी आहे असे धरून चाललात तर पुढची निम्मी उत्तरे पटणार नाहीत. ठाणे-वाशी लोकल डोळ्यांसमोर आणा: ऐरोलीला, रबाळेला, घणसोलीला माणसे चढतात-उतरतात, तरी डबा भरलेलाच दिसतो. एसडीएसचा एखादा रेणू मायसेलमधून बाहेर पडायला मायक्रोसेकंदांचा काळ पुरतो. अख्खे मायसेल मोडून नवे बनायला मिलिसेकंदांपासून सेकंदांपर्यंत वेळ लागतो.

२. औषधाचे रेणूही साबणासारखे वागतात, हे खरे का?

बऱ्याच औषधांच्या बाबतीत खरे आहे. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन, प्रोप्रानोलॉल यांची रचना पाहा: एका टोकाला जोडलेल्या कड्यांचा तेलकट भाग आणि दुसऱ्या टोकाला अमाइन, जे हायड्रोक्लोराइड मिठात धनभार घेऊन बसते. डोके आणि शेपटी दोन्ही आले. फक्त शेपटी लांब आणि लवचिक नसून आखूड आणि ताठ आहे. त्यामुळे ही औषधे गुठळ्या करतात, पण उशिरा आणि लहान. अमिट्रिप्टिलिन हायड्रोक्लोराइडची सीएमसी ३६ मिलिमोलरच्या आसपास आहे, आणि फिनोथायाझिन गटातल्या औषधांच्या गुठळीत दहाएक रेणू असतात.

गोळी घेतल्यावर रक्तात एवढी संहती कधीच होत नाही. म्हणून औषध एकटेच शरीरात मायसेल बनवील, ही शक्यता व्यवहारात सोडून द्या. सर्फॅक्टंट, पित्तक्षार किंवा पेशीपटलातले लिपिड सोबतीला आले की चित्र पालटते.

याला एक नामी अपवाद मिल्टेफोसिन. काळा आजारावरचे हे तोंडाने घ्यायचे औषध भारतात २००२ साली मंजूर झाले. सोळा कार्बनची साखळी आणि फॉस्फोकोलिनचे डोके असल्याने हा रेणू अस्सल सर्फॅक्टंटच आहे. त्याची सीएमसी मिलिमोलरमध्ये नाही, मायक्रोमोलरमध्ये मोजावी लागते.

३. औषध मायसेलच्या आत भरले जाते की मायसेलचा भाग बनते?

दोन्ही होते, आणि कोणते होते हे औषधावर अवलंबून आहे. ग्रिझिओफुल्विनसारख्या, भार नसलेल्या आणि पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या औषधाला मायसेलमध्ये आसरा मिळतो. हे साधे विद्राव्यीकरण. तिथेही औषध गाभ्याच्या मधोमध जाऊन बसते असे नाही. रेणूत ऑक्सिजन-नायट्रोजनची टोके असतील तर ते डोक्यांजवळच्या थरात अडकून राहते.

अमिट्रिप्टिलिनसारखे औषध मात्र सर्फॅक्टंटच्या रांगेत उभे राहते. डोके पाण्याकडे, कडी आत. ते येताच मायसेलचा पृष्ठभार बदलतो, सीएमसी बदलते, आकारही बदलू शकतो. माझे सगळ्यांना एकच सांगणे असते: अशा औषधाला प्रवासी समजू नका, ते भागीदार आहे. प्लेसिबो, म्हणजे औषध नसलेल्या, द्रावणावर काढलेली सीएमसी फाइलला लावून फॉर्म्युलेशन पुढे ढकलणारे खूप भेटतात. औषध घातल्यानंतर त्या आकड्याला अर्थ उरलेला नसतो.

४. मिश्रणाची सीएमसी आधीच काढता येते का?

अंदाज नक्की काढता येतो. १९७५ साली क्लिंट यांनी मांडलेले आदर्श मिश्रणाचे समीकरण पहिल्या टप्प्याला पुरते: मिश्रणाच्या सीएमसीचा व्यस्त म्हणजे प्रत्येक घटकाचा मोल-अंश भागिले त्याची स्वतःची सीएमसी, आणि या सगळ्यांची बेरीज.

आकडे घालून बघू. औषधाची सीएमसी ३६ मिलिमोलर आणि ट्रायटन एक्स-१०० या भारहीन सर्फॅक्टंटची ०.२ मिलिमोलर धरा. (ट्रायटन रुग्णासाठी नाही, वर्गात शिकवायला सोयीचे म्हणून घेतले आहे.) मिश्रणात ९० टक्के औषध, १० टक्के ट्रायटन. मग ०.९ भागिले ३६ म्हणजे ०.०२५, आणि ०.१ भागिले ०.२ म्हणजे ०.५. बेरीज ०.५२५, तिचा व्यस्त १.९. नव्वद टक्के औषध असूनही मिश्रणाची सीएमसी ३६ वरून १.९ मिलिमोलरवर आली.

आता मुले हमखास विसरतात तो भाग. या टप्प्यावर जमलेल्या पहिल्या मायसेलमध्ये औषध किती? आदर्श मिश्रण धरले तर ०.९ गुणिले १.९ भागिले ३६, म्हणजे जेमतेम ५ टक्के. बाटलीत ९० टक्के आणि मायसेलमध्ये ५ टक्के! एकूण संहती सीएमसीच्या कितीतरी पट वाढवत नेली की मायसेलची घडण हळूहळू बाटलीतल्या प्रमाणाकडे सरकते. याचा उलटा अर्थही ध्यानात ठेवा. द्रावण पातळ करत गेलात तर मायसेलमधून आधी औषध निसटते, सर्फॅक्टंट मागे राहते. प्रश्न ८ चे उत्तर याच वाक्यावर उभे आहे.

५. माझा बीटा उणे आला. म्हणजे फॉर्म्युलेशन जमले ना?

थांबा जरा. बीटा हा रुबिंग यांच्या १९७९ च्या मांडणीतला आकडा. प्रत्यक्ष मोजलेली सीएमसी आदर्शापेक्षा किती खाली-वर आहे त्यावरून दोन घटकांमधली ओढ किंवा दुरावा तो सांगतो. उणे म्हणजे ओढ, शून्य म्हणजे आदर्श, अधिक म्हणजे दुरावा. धनभारित औषध आणि भारहीन सर्फॅक्टंट यांच्यात तो साधारणपणे किंचित ते मध्यम उणे येतो. धनभारित औषध आणि ऋणभारित एसडीएस यांच्यात खूपच उणे.

पण नुसता उणे बीटा म्हणजे सिनर्जी नव्हे. मिश्रणाची सीएमसी दोन्ही घटकांच्या सीएमसीपेक्षा खाली जायला हवी असेल, तर बीटाचे मूल्य, चिन्ह सोडून, दोन सीएमसींच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगपेक्षा मोठे असावे लागते. मागच्या उदाहरणात ३६ भागिले ०.२ म्हणजे १८०, त्याचा लॉग ५.२. बीटा उणे २ आला तर ओढ आहे, पण त्या अर्थाने सिनर्जी नाही. प्रबंधांत ही अट तपासलेली क्वचित दिसते आणि व्हायवात नेमकी तीच विचारली जाते.

दुसरे असे की हे प्रारूप खरे असेल तर बीटा सगळ्या प्रमाणांत जवळपास सारखा यायला हवा. उणे १ पासून उणे ७ पर्यंत फिरत असेल तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. प्रारूप तिथे ताणले गेले आहे, एवढेच लिहा.

आणि तिसरे, माझ्या मते सर्वात महत्त्वाचे. ओढ फार जोरात असेल तर औषध सुटायलाही तेवढाच वेळ लागतो, किंवा ते साक्याच्या रूपात खाली बसते. त्याबद्दल पुढच्याच प्रश्नात.

६. औषधाच्या द्रावणात एसएलएस घातले, तर स्वच्छ व्हायच्या ऐवजी दूध झाले. असे का?

धनभारित औषध आणि ऋणभारित डोडेसिल सल्फेट एकास एक जवळ आले की दोघांचे भार मिटतात आणि पाण्यात न विरघळणारी जोडी तयार होते. ती पांढरी दिसते. एसएलएस आणखी घालत गेलात की जादा मायसेल ही जोडी पोटात घेतात आणि द्रावण पुन्हा स्वच्छ होते. म्हणून क्रम उलटा करा: आधी सीएमसीच्या बऱ्याच वर एसएलएसचे द्रावण, मग त्यात ढवळत औषध. ऋणभारित सर्फॅक्टंट सोडून पॉलिसॉर्बेटसारखे भारहीन सर्फॅक्टंट घेतले तर ही कटकट मुळातच टळते.

मात्र स्वच्छ झालेले हे द्रावण नंतर पातळ केले की परतीच्या वाटेवर तोच दुधाळ पट्टा पुन्हा लागतो. चाचणी करताना फक्त मूळ द्रावण बघू नका. दहा पट, शंभर पट पातळ करून बघा.

७. "ही गोळी जेवणानंतरच घ्या" यात मायसेलचा काही संबंध असतो का?

काही औषधांच्या बाबतीत अगदी थेट. यकृतातून येणारे पित्तक्षार आणि लेसिथिन आतड्यात मिश्र मायसेलच बनवतात. निसर्गाने ही युक्ती आपल्या आधी वापरली आहे. उपाशीपोटी पित्तक्षार कमी असतात, जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावते आणि त्यांचे प्रमाण वाढते. प्रयोगशाळेत आतड्याची नक्कल करणारी दोन माध्यमे वापरतात. उपाशी स्थितीच्या माध्यमात ३ मिलिमोलर टॉरोकोलेट आणि ०.७५ मिलिमोलर लेसिथिन असते, जेवलेल्या स्थितीच्या माध्यमात १५ आणि ३.७५. फरक पाच पट.

ग्रिझिओफुल्विन स्निग्ध जेवणासोबत चांगले शोषले जाते ते यामुळे. ड आणि के जीवनसत्त्वांचेही तसेच. पण हा नियम सरसकट लावू नका. काही औषधे रिकाम्या पोटीच घ्यायची असतात आणि त्यामागची कारणे वेगळी असतात. पाकिटावर आणि चिठ्ठीवर लिहिले असेल तेच पाळा.

८. इंजेक्शन रक्तात जाऊन पातळ झाले की मायसेल टिकतात का?

आधी सीएमसी विचारा, मग उत्तर द्या. प्रौढ माणसात प्लाझ्मा साधारण ३ लिटर असतो. पित्तक्षारांची सीएमसी मिलिमोलरच्या घरात असते, त्यामुळे पित्तक्षार-लेसिथिनचे मायसेल रक्तात लगेच मोडतात किंवा त्यांची घडण बदलते. के जीवनसत्त्वाचे ग्लायकोकोलिक आम्ल आणि लेसिथिन वापरून केलेले इंजेक्शन अनेक देशांत वापरले जाते. तिथे मायसेलचे काम औषध शिरेपर्यंत विरघळलेले ठेवणे इतकेच. पुढे रक्तातली लायपोप्रोटीन ते उचलतात. तेवढ्याने काम भागते.

पॉलिसॉर्बेट ८० ची सीएमसी लिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. ३ लिटरांना ४५ मिलिग्रॅम पुरतील, असे कागदावर दिसते. पण प्लाझ्मातली एस्टरेज विकरे या सर्फॅक्टंटचे झपाट्याने तुकडे करतात आणि प्रथिनेही त्याला बांधून घेतात. कागदावरचा ४५ हा आकडा ही केवळ खालची मर्यादा समजा.

रक्तातही टिकून राहावे असे वाटत असेल तर ब्लॉक कोपॉलिमरकडे, म्हणजे वेगवेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडून केलेल्या साखळ्यांकडे, वळावे लागते: पोलोक्सामर, किंवा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि पॉलिलॅक्टाइडची जोडी. त्यांची सीएमसी कमी असते, आणि गाभा घट्ट असेल तर रेणू सुटायलाही वेळ लागतो. दोन पॉलिमर, किंवा पॉलिमर आणि टीपीजीएस (ई जीवनसत्त्वापासून केलेले सर्फॅक्टंट), एकत्र करून मिश्र मायसेल बनवण्यामागे बहुधा हाच हिशेब असतो: एक औषध धरून ठेवतो, दुसरा आकार सांभाळतो.

९. साधे अँफोटेरिसिन बी सलाइनमध्ये का घालायचे नाही? सगळी इंजेक्शने सलाइनमध्येच तर जातात.

अँफोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत त्याचे लायपोसोमल इंजेक्शन मिळेना तेव्हा हा प्रश्न ठाण्याच्या केमिस्ट मंडळींकडून सारखा यायचा. साधे, म्हणजे डिऑक्सिकोलेटवाले अँफोटेरिसिन हे मिश्र मायसेलचे पाठ्यपुस्तकात घालावे असे उदाहरण आहे. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. एका कुपीत ५० मिलिग्रॅम औषध आणि ४१ मिलिग्रॅम सोडियम डिऑक्सिकोलेट, म्हणजे औषधाच्या एका रेणूमागे पित्तक्षाराचे जवळपास दोन रेणू.

कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातले की डिऑक्सिकोलेट १० मिलिमोलरच्या आसपास येते, म्हणजे त्याच्या सीएमसीच्या वर. पुढे ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत पातळ करतात. तिथे हिशेब केला तर डिऑक्सिकोलेट फक्त ०.२ मिलिमोलर उरते, सीएमसीच्या खूप खाली! तरीही औषध लगेच खाली बसत नाही, कारण दोघांनी मिळून बनवलेले कण बारीक कोलॉइड म्हणून तरंगत राहतात. या नाजूक स्थितीत सोडियम क्लोराइड, म्हणजे सलाइनमधले मीठ, आले की कणांवरचा भार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटतात आणि साका होतो. पीएच घसरला तरी तोच धोका, म्हणून डेक्स्ट्रोजचा पीएच ४.२ च्या वर असावा, अशी सूचना लेबलवर असते. कुपीतही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले पाणीच घालायचे.

१०. मग लायपोसोमल अँफोटेरिसिन हेही मिश्र मायसेलच का?

नाही. लायपोसोम म्हणजे लिपिडांच्या दुहेरी थराची पिशवी, आत पाणी. औषध त्या थरात गुंफलेले असते. दोन्ही इंजेक्शनांचे डोस वेगळे आहेत. नाव सारखे म्हणून एकाच्या जागी दुसरे त्याच मात्रेत देणे जिवावर बेतू शकते. (सलाइन मात्र दोघांनाही वर्ज्य.)

११. पॅक्लिटॅक्सेल देताना वेगळी नळी, वेगळी गाळणी आणि आधी ॲलर्जीची औषधे. एवढे सोपस्कार कशासाठी?

पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध. त्याच्या जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनमध्ये दर मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम औषध असते आणि त्यासोबत ५२७ मिलिग्रॅम क्रेमोफोर ईएल, म्हणजे एरंडेलापासून बनवलेले सर्फॅक्टंट. उरलेला जवळजवळ निम्मा भाग अल्कोहोल. आजकाल क्रेमोफोरऐवजी कोलिफोर असे नाव दिसते. शरीराचे पृष्ठफळ १.६ चौरस मीटर असलेल्या रुग्णाला चौरस मीटरमागे १७५ मिलिग्रॅम द्यायचे तर २८० मिलिग्रॅम औषध लागते. त्यासोबत शिरेत जाते २४ ग्रॅमहून अधिक सर्फॅक्टंट. औषधापेक्षा वाहकच ८८ पट!

या वाहकामुळे तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामिन. तोच वाहक पीव्हीसीच्या पिशवी-नळीतून प्लास्टिसायझर ओढून घेतो, म्हणून पीव्हीसी नसलेला सेट. आणि वाटेत कण आलेच तर अडावेत म्हणून ०.२२ मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रे नसलेली गाळणी. हाच नियम साध्या अँफोटेरिसिनला लावला तर घोटाळा होईल: त्याचे कण बारीक गाळणीत अडकतात, म्हणून तिथे गाळणी लावलीच तर छिद्र १ मायक्रॉनपेक्षा लहान नको.

आणखी एक गुंता आहे. क्रेमोफोरची सीएमसी इतकी कमी आहे की एवढ्या मात्रेनंतर रक्तातही त्याचे मायसेल शिल्लक राहतात आणि औषधाला अडकवून ठेवतात. त्यामुळे डोस दुप्पट केला तर रक्तातले प्रमाण दुपटीनेच वाढेल, असा सरळ हिशेब चालत नाही. या सगळ्यातून सुटका म्हणून क्रेमोफोर नसलेले पॉलिमर मायसेलचे पॅक्लिटॅक्सेल दक्षिण कोरियात २००७ मध्ये आले.

१२. सर्फॅक्टंट जितके जास्त तितके शोषण जास्त, बरोबर?

चूक, आणि ही चूक अनुभवी लोकही करतात. आतड्याच्या भिंतीतून पार होतो तो सुटा रेणू. मायसेलमध्ये बसलेला पार होत नाही. दोन परिस्थिती वेगळ्या करा.

तळाशी न विरघळलेले औषध शिल्लक असेल तर सुट्या रेणूंची संहती ठरलेली राहते आणि सर्फॅक्टंट वाढवल्याने साठा वाढतो, विरघळण्याचा वेग वाढतो. फायदाच. पण सगळे औषध विरघळून झाले असेल तर त्यापुढचे प्रत्येक जादा मायसेल सुट्या रेणूंना आत खेचते. शोषणाची ओढ कमी होते. म्हणजे डोस पूर्ण विरघळेल इतके सर्फॅक्टंट, त्यावर थोडी सवलत, आणि बस. बीकरमधली विद्राव्यता पन्नास पट झाली म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.

डायलिसिस बॅगेतून औषध हळू सुटते म्हणून 'सस्टेन्ड रिलीज' लिहून मोकळे होणाऱ्यांनीही हे वाचावे. औषध पिशवीच्या भिंतीमुळे रेंगाळले की मायसेलमुळे, ते ठरवायला मायसेल नसलेल्या औषधाची तुलना जोडीला हवीच.

१३. कॉलेजमध्ये फक्त कंडक्टिव्हिटी मीटर आहे. सीएमसी निघेल का?

औषध आणि सर्फॅक्टंटपैकी निदान एक भारित असेल तर प्रयत्न करता येतो. संहतीच्या पुढे वाहकतेचा आलेख काढा. सीएमसीला उतार बदलतो. एसडीएसमध्ये वळण ठसठशीत दिसते. औषधाच्या लहान गुठळ्यांमध्ये मात्र वळण इतके गोलसर असते की पट्टी कुठेही ठेवता येते. बफर किंवा मीठ घातले असेल तर वाहकतेचा नाद सोडा, कारण मिठाचीच वाहकता सगळे झाकून टाकते. दोन्ही घटक भारहीन असतील तर ही पद्धत निरुपयोगी.

अडगळीत स्टॅलॅग्मोमीटर पडलेला असतोच. थेंब मोजून पृष्ठताण काढण्याची ती जुनी पद्धत भारित-भारहीन दोन्हींना चालते. तापमान तेवढे सांभाळा. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडला की लॅब दुपारपर्यंत २५ वरून ३३ अंशांवर जाते आणि सकाळ-संध्याकाळचे बिंदू एका रेषेत बसत नाहीत.

१४. पृष्ठताणाच्या आलेखात सीएमसीजवळ खड्डा येतो. उपकरण बिघडले का?

उपकरणाला दोष देण्याआधी सर्फॅक्टंटची बाटली बघा. एसडीएसचे जलविघटन होऊन डोडेकॅनॉल तयार होते. ते पृष्ठभागावर चढून पृष्ठताण जास्तच खाली खेचते. सीएमसीच्या पुढे मायसेल त्याला पोटात घेतात आणि पृष्ठताण पुन्हा वर येतो. हाच तो खड्डा. पुनःस्फटिकीकरण करून बघा, खड्डा उथळ होईल.

१५. पायरीनने काढलेली सीएमसी आणि पृष्ठताणाने काढलेली सीएमसी जुळत नाही. कोणती लिहू?

दोन्ही लिहा, पद्धतीच्या नावासह. पायरीन हा चमकणारा शोधक रेणू. त्याच्या प्रकाशदीप्तीत ३७३ आणि ३८४ नॅनोमीटरच्या शिखरांचे गुणोत्तर भोवतालचा तेलकटपणा सांगते. पृष्ठताण पृष्ठभाग कधी भरला ते सांगतो. थोडा फरक येणारच. औषध असेल तर मात्र सावध राहा: फिनोथायाझिनसारखी औषधे पायरीनची दीप्ती विझवतात, आणि काही औषधे स्वतःच त्या पट्ट्यात प्रकाश शोषतात. नुसत्या औषधासोबत पायरीनची कोरी चाचणी केल्याशिवाय त्या आलेखावर विसंबू नका.

१६. द्रावण गरम केले की गढूळ होते आणि फ्रिजमध्ये ठेवले की स्फटिक पडतात. दोन्ही एकच का?

कारणे परस्परविरुद्ध आहेत. तापवल्यावर येणारा गढूळपणा म्हणजे क्लाउड पॉइंट. पीईजी साखळीच्या सर्फॅक्टंटभोवतीचे पाणी सुटत जाते आणि मायसेल वेगळा थर धरतात. ट्रायटन एक्स-१०० मध्ये हे ६५ अंशांच्या आसपास घडते. अमिट्रिप्टिलिनसारखी औषधेही फॉस्फेट बफरमध्ये असा गढूळपणा दाखवतात. पीएच वाढला की औषधाचा भार कमी होतो आणि क्लाउड पॉइंट खाली उतरतो. मिश्र मायसेलमध्ये भारित सर्फॅक्टंट थोडेसे घातले तर साधारणपणे तो वर चढतो, कारण कण एकमेकांना दूर ढकलतात. ऑटोक्लेव्ह करायचे असेल तर ही चाचणी टाळू नका.

थंडीत पडणारे स्फटिक हा क्राफ्ट तापमानाचा प्रश्न: त्याखाली सर्फॅक्टंट नीट विरघळत नाही, मायसेलही बनत नाहीत. एसडीएस १६ अंशांच्या आतबाहेर ढेपाळते. ठाण्यात बाकावर ते कधी जाणवत नाही, म्हणून फ्रिजमधली बाटली पाहून लोक घाबरतात. कोमट करून ढवळा, परत विरघळेल.

१७. डिझोल्यूशन माध्यमात (गोळी किती वेगाने विरघळते ते तपासण्याच्या द्रावात) एसएलएस आहे आणि औषध न घालताच साका पडला. बॅच फेल?

बफर पोटॅशियमचा होता का ते आधी पाहा. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात नीट विरघळत नाही, पांढरे खाली बसते. सोडियम फॉस्फेट बफर घ्या. दुसरा सापळा जिलेटिन कॅप्सूलचा: आम्लधर्मी माध्यमात एसएलएस जिलेटिनशी जोडी जमवते, कवच विरघळायला वेळ लावते आणि दोष औषधावर येतो. मीठ असताना सीएमसी खाली येते, हेही विसरू नका. ०.१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये एसडीएसची सीएमसी ८ वरून १.५ मिलिमोलरच्या जवळ येते.

१८. डीएलएसमध्ये (प्रकाश विखुरण्यावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) ६ नॅनोमीटरचे शिखर हवे होते, १५० चेही आले. मायसेल मोठे झाले?

कदाचित एखाद्या धूलिकणाचे काम असेल. प्रकाश विखुरण्याची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे मोजके मोठे कणही तीव्रतेच्या आलेखात ऐटीत दिसतात. ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, पुन्हा मोजा, आकारमानाच्या वितरणाशी ताडून बघा. तरीही राहिले तर साका किंवा पिशव्या बनत असतील. विशेषतः प्रश्न ६ मधल्यासारखी उलट्या भारांची जोडी असेल तर तशी दाट शक्यता धरा.

१९. मायसेल गोल आहे की काठीसारखे, हे इथे जवळपास कुठे कळेल?

वाशीच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे आणि तिथे लघुकोनी न्यूट्रॉन विकिरणाची सोय आहे. भारतातले मिश्र मायसेलवरचे बरेच काम तिथेच मोजले गेले. साध्या पाण्याऐवजी जड पाण्यात द्रावण बनवतात, म्हणजे न्यूट्रॉनना मायसेल आणि द्रावक यांतला फरक ठळक दिसतो. विद्यापीठांतल्या संशोधकांना यूजीसी-डीएई कन्सोर्टियमच्या मुंबई केंद्रामार्फत प्रस्ताव पाठवता येतो, आणि तो तुमच्या गाइडच्या नावाने जायला हवा. प्रस्तावात सीएमसी, क्लाउड पॉइंट आणि डीएलएसचे आकडे आधीच असतील तर बरे. जड पाण्यात सीएमसी किंचित हलते, तेव्हा दोन-तीन बिंदू त्यातही मोजून ठेवा.

२०. प्रयोग संपल्यावर उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतले तर चालते का?

नाही. फेस दिसतो म्हणून लोक साबणासारखे समजतात, पण त्यात औषधही आहे. सीटीएबीसारखी धनभारित सर्फॅक्टंट ईटीपीमधल्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधल्या) जिवाणूंना मारतात, म्हणजे एका बादलीने आख्ख्या प्लांटचे काम बिघडू शकते. कॉलेजच्या बेसिनमागे तर ईटीपीही नसतो. वेगळा कॅन ठेवा, त्यावर औषध, सर्फॅक्टंट, अंदाजे संहती आणि तारीख लिहा, आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत एजन्सीकडे द्या. धनभारित आणि ऋणभारित एकाच कॅनमध्ये ओतू नका. त्या साक्याने तोटी तुंबते.